अडगळीतला जुना ट्रॅक्टर : भंगार की ठेवा?

गावात फेरफटका मारला तर वाड्यामागच्या पडवीत, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपटात किंवा बांधावरच्या बाभळीखाली एखादे जुने यंत्र उभे असलेले दिसते. कुठे आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर असतो, कुठे वीज येण्यापूर्वी उसाला पाणी देणारे ऑईल इंजिन, तर कुठे चाके जमिनीत रुतलेली जीप. त्यावर कोंबड्या बसतात, मुले खेळतात, आणि एक दिवस भंगारवाला येऊन किलोच्या भावाने सौदा करतो. दुसऱ्या दिवशी गॅसकटरने त्याचे तुकडे होतात.

हा सौदा नेहमीच चुकीचा असतो असे नाही. परंतु आपल्या दारात नेमके काय उभे आहे याची माहिती करून न घेता तो करणे मात्र चुकीचे आहे. एकदा तुकडे झालेले यंत्र परत उभे राहत नाही. उलट, हौसेपोटी दहा-पंधरा वर्षे बंद असलेले यंत्र घाईने सुरू करताना ते कायमचे निकामी होण्याची आणि माणसाला गंभीर इजा होण्याचीही शक्यता असते. म्हणून जुन्या यंत्रांचे महत्त्व कशात आहे, ते ठेवावे की विकावे हे कसे ठरवावे, आणि ठेवायचे ठरल्यास काय काळजी घ्यावी याची माहिती या लेखात दिली आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षबागेतला

जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणतात हे आपण ऐकलेले असते. द्राक्ष बागायतदारांना हे वाचून गंमत वाटेल की, हा शब्द मूळचा द्राक्षाच्या काढणीचा आहे. एखाद्या वर्षाच्या द्राक्षांपासून केलेली वाईन त्या वर्षाच्या नावाने ओळखली जाते. चांगल्या वर्षाची वाईन जपून ठेवतात. त्यावरून जपून ठेवण्याजोग्या जुन्या वस्तूंनाही हा शब्द लावू लागले.

इंग्लंडमधील मोटारींच्या हौशी मंडळींनी त्याला काटेकोर अर्थ दिला. तेथे साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना व्हिंटेज म्हणतात. त्याहून जुन्या गाड्यांना वेगळे नाव आहे. आपल्याकडे मात्र कोणत्याही जुन्या गाडीला सरसकट व्हिंटेज म्हटले जाते. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि खासगी चारचाकी गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. याविषयी पुढे माहिती दिली आहे.

जुन्या यंत्रांचा छंद कसा वाढला?

इंग्लंडमध्ये एके काळी रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीपुढे एका माणसाने पायी चालले पाहिजे असा कायदा होता. १८९६ साली हा जाच दूर झाला आणि वेगाची मर्यादा वाढली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारधारकांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. १९२७ मध्ये या घटनेची आठवण म्हणून ती फेरी पुन्हा काढण्यात आली. आजही दर नोव्हेंबरात ती निघते, आणि १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तीत भाग घेता येतो. शंभर वर्षांहून जुन्या या गाड्या स्वतःच्या इंजिनावर धावतात, हे विशेष.

शेतीच्या यंत्रांचाही असाच मेळा भरतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात माऊंट प्लेझंट या गावी १९५० पासून जुन्या मळणी यंत्रांचे संमेलन भरत आले आहे. तेथे वाफेच्या इंजिनाला पट्टा जोडून गव्हाची मळणी करून दाखवतात. शेतकरी कुटुंबे आजोबांचे ट्रॅक्टर घेऊन येतात. आपल्या देशात १९६४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची फेरी प्रसिद्ध आहे. मात्र आपल्याकडे हा छंद बहुतांशी संस्थानिकांच्या व श्रीमंतांच्या मोटारींभोवती फिरत राहिला. शेतात राबलेल्या यंत्रांकडे त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले.

वेळीच लक्ष गेले तर काय होऊ शकते याचे उत्तम उदाहरण पंजाबातील पतियाळा संस्थानाचे आहे. तेथे १९०७ साली एकाच रुळावर चालणारी गाडी सुरू झाली. गाडीची मुख्य चाके रस्त्याच्या कडेला टाकलेल्या एका रुळावर असत आणि तोल सांभाळण्यासाठी एका बाजूला मोठे चाक रस्त्यावरून चाले. बहुतेक भार रुळावर पडत असल्याने ओढायला कमी जोर लागे. सुरुवातीला जनावरे ती ओढत. पुढे जर्मनीहून चार वाफेची इंजिने आणली गेली. मोटारी व चांगले रस्ते आल्यावर १९२७ मध्ये ही गाडी बंद पडली. तिचे इंजिन अनेक वर्षे सरकारी बांधकाम खात्याच्या आवारात भंगारात पडून होते. १९६२ मध्ये मायकेल सॅटो या रेल्वेच्या अभ्यासकाला ते सापडले. पुढे रेल्वेच्या अमृतसर येथील कारखान्यात दुरुस्ती होऊन आज ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्या आवाराचा लिलाव आधी झाला असता, तर अशी गाडी होती हे केवळ कागदावर राहिले असते.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये काय पाहावे?

जुने यंत्र म्हणजे त्या काळच्या अडचणींवर काढलेला तोडगा असतो. ती अडचण कळली की यंत्र कळते. पुढील तीन ट्रॅक्टर यासाठी समजून घेण्याजोगे आहेत.

१) फोर्डसन : अमेरिकेत १९१७ मध्ये हेन्री फोर्ड यांनी हा ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बनवण्यास सुरुवात केली. त्यापूर्वीचे ट्रॅक्टर जड लोखंडी सांगाड्यावर उभारलेले, अवजड आणि महाग असत. फोर्डसनमध्ये सांगाडाच काढून टाकला. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा धुरा यांची ओतीव घरे एकमेकांना बोल्टने जोडून तीच ट्रॅक्टरचा कणा केली. त्यामुळे ट्रॅक्टर हलका व स्वस्त झाला. आज आपल्या शेतातील बहुतेक ट्रॅक्टर याच पद्धतीने बांधलेले आहेत. हा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून, इंजिन तापल्यावर रॉकेलवर चालवीत.

त्याचा एक मोठा दोष होता. मागे साखळीने जोडलेला नांगर दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थांबत, परंतु इंजिनाचा जोर थांबत नसे. तो जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात जाई आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालक खाली सापडे. असे अनेक अपघात झाले.

२) फर्ग्युसन : आयर्लंडमध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी या दोषावर उपाय शोधला. अवजार साखळीने ओढण्याऐवजी त्यांनी ते खालच्या दोन दांड्या आणि वरची एक दांडी अशा तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडले. हेच आपले ‘थ्री पॉईंट लिंकेज’. नांगर खोल गेला की वरची दांडी म्हणजे टॉप लिंक दाबली जाते. तो दाब लिफ्टच्या झडपेला कळतो आणि लिफ्ट नांगर किंचित उचलते. त्यामुळे नांगराचे वजन व ओढ मागच्या चाकांवर येते, चाकांची पकड वाढते आणि हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. नांगर अडकला तर ट्रॅक्टर उलटण्याऐवजी चाके जागीच फिरतात.

ही पद्धत असलेला फर्ग्युसन यांचा टीई-२० हा ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झाला. पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी अंटार्क्टिकातील मोहिमेत हेच ट्रॅक्टर नेले होते. चाकांवर पट्टे चढवलेले ट्रॅक्टर घेऊन ते ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. जमिनीवरून यांत्रिक वाहनाने तेथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. नांगरटीसाठी बनवलेले साधे यंत्र बर्फावरून ध्रुवापर्यंत गेले, याचे कारण त्याची रचना साधी होती आणि वाटेत दुरुस्त करता येण्याजोगी होती.

३) लान्झ बुलडॉग : जर्मनीत मानहाईम येथे १९२१ मध्ये फ्रिट्झ हुबर यांच्या आराखड्यावरून हा ट्रॅक्टर बनला. त्याचे इंजिन एकाच आडव्या सिलिंडरचे होते. पुढच्या बाजूस लोखंडी पोकळ गोळा असे. सुरू करण्यापूर्वी तो ब्लो लॅम्पने लाल होईपर्यंत तापवावा लागे. तापलेल्या गोळ्यावर तेलाचा फवारा पडला की ते पेट घेई. त्यामुळे हलक्या प्रतीचे जाड तेलही त्याला चाले. पहिल्या मॉडेलला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. इंजिन जवळजवळ थांबवून उलट्या दिशेने फिरवले की ट्रॅक्टर मागे जाई. नंतरच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगचे चाक दांड्यासह काढून बाजूला घालायचे आणि त्यानेच इंजिन फिरवायचे अशी सोय होती. आज असे यंत्र सुरू होताना पाहण्यासाठी युरोपात लोक गर्दी करतात.

आपल्याकडील जुनी यंत्रे

स्वातंत्र्यानंतर कांस गवताने व्यापलेल्या पडीक जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी केंद्र सरकारने मोठे ट्रॅक्टर वापरले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला यासाठी १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. त्या काळात ट्रॅक्टर परदेशातूनच येत. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर कंपनीने देशात ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली. १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे ही कंपनी निघाली. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारी केली. त्यातून आलेला बी-२७५ ट्रॅक्टर महाराष्ट्रातील बागायती भागात चांगलाच परिचित आहे. १९७१ पासून पिंजोर येथे एचएमटीचे ट्रॅक्टर झेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या नमुन्यावर बनू लागले. १९७४ मध्ये आलेला स्वराज ट्रॅक्टर दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत आखलेला, म्हणजे परदेशी सहकार्याशिवाय तयार झालेला होता. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणजे हे ट्रॅक्टर आता नव्याने बनत नाहीत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने किर्लोस्करांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल हे त्या काळी नवलाईचे यंत्र होते. याच माणसाने पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुण्यात खडकी येथे १९४६ मध्ये त्यांच्या उद्योगसमूहाची डिझेल इंजिने तयार करणारी कंपनी निघाली. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले तो बदल अशा यंत्रांनी घडवला. म्हणून जुने नांगर, ऊस गाळण्याचे लोखंडी चरक आणि पाणी ओढणारी इंजिने हीसुद्धा जपण्याजोगी आहेत. मोटारीइतकी चमक त्यांना नसेल, परंतु आपल्या शेतीचा इतिहास त्यांच्यात आहे.

ठेवावे की विकावे?

निर्णय घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

१) ओळख : यंत्रावरील पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी शोधावी. कंपनी, मॉडेल, इंजिन क्रमांक व चॅसी क्रमांक वहीत लिहून घ्यावेत. पाटी घासू नये व तिच्यावर रंग देऊ नये.

२) पूर्णता : यंत्र चालू आहे की बंद, यापेक्षा ते पूर्ण आहे की नाही हे महत्त्वाचे. बंद पण पूर्ण ट्रॅक्टर दुरुस्त होतो. डिझेल पंप, लिफ्टचे भाग, डायनॅमो, मीटर व बॉनेट गेलेले असेल तर जुळवाजुळव अवघड होते.

३) ओतीव भागांची स्थिती : इंजिन ब्लॉक, हेड व गिअरपेटी यांना तडा आहे का ते पाहावे. गंज बहुधा दुरुस्त होतो, मोठा तडा खर्चिक ठरतो.

४) सुटे भाग : आपल्या मॉडेलचे भाग बाजारात मिळतात का, याची चौकशी जुन्या मिस्त्रीकडे करावी. ज्या मॉडेलची घराणी आजही चालू आहेत त्यांचे बरेच भाग मिळतात.

५) खर्च : हा छंद आहे, धंदा नव्हे. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून मोठा नफा होईल असे गृहीत धरू नये. पीककर्जाचा किंवा बियाणे-खताचा पैसा यात घालू नये. टायर, बॅटरी, पंप व नोजल यांचा खर्च आधी लिहून काढावा आणि मगच हात घालावा.

घरात पैशाची निकड असेल किंवा जागा नसेल तर विकण्यात कमीपणा नाही. मात्र भंगाराच्या वजनावर देण्यापूर्वी हौशी संग्राहक, तसेच मॉडेलचे भाग शोधणारे ट्रॅक्टरमालक यांच्याकडे चौकशी करावी. पूर्ण यंत्राला कागदपत्रांसह मिळणारी किंमत लोखंडाच्या भावापेक्षा जास्त असू शकते. शिवाय ते यंत्र वाचते. गावातील शाळा किंवा कृषी महाविद्यालय ते ठेवण्यास तयार असेल तर तोही चांगला मार्ग आहे.

बंद यंत्र सुरू करण्यापूर्वी

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा लायनर फुटतो. त्याऐवजी पुढील क्रमाने काम करावे.

१) ट्रॅक्टर सपाट जागी ठेवून चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. काहीही खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पुन्हा जोडताना त्यांचा उपयोग होतो.

२) इंजिनाचे तेल काढावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी असते. नट सैल करताच आधी पाणी आले तर आत ओल शिरली आहे असे समजावे व मिस्त्रीकडून चेंबर उघडून घ्यावे.

३) नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑईल यांचे समभाग मिश्रण थोडे थोडे ओतावे आणि आठवडाभर मुरू द्यावे. मधूनमधून थोडी भर घालावी.

४) नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावावा आणि इंजिन हलक्या हाताने थोडे पुढे, थोडे मागे करावे. हलले नाही तर पुन्हा मुरू द्यावे. घणाचे घाव घालू नयेत.

५) इंजिन मोकळे झाल्यावर नोजल बसवण्यापूर्वी ते हाताने बऱ्याच वेळा फिरवून सिलिंडरमधील तेल बाहेर काढावे. द्रव आत राहिल्यास तो दाबला जात नाही आणि रॉड वाकतो.

६) डिझेलची टाकी काढून धुवावी. जुने डिझेल फेकून द्यावे, फिल्टर बदलावा, नळ्या तपासाव्यात व नंतर नेहमीप्रमाणे लाईनमधील हवा काढावी.

७) पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर व रबरी नळ्या तपासाव्यात. सुरुवातीच्या आयशरसारखी हवेने थंड होणारी इंजिने असतील तर सिलिंडरच्या पंख्यांमधील माती, भुसा व उंदरांची घरटी साफ करावीत.

८) नवे तेल भरून, इंजिन न पेटवता फिरवून तेलाचा दाब येतो का पाहावे. दाब आल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

जिवाची काळजी

जुनी यंत्रे बनली त्या वेळी सुरक्षिततेची साधने फारशी नव्हती. ती उणीव आपणच भरून काढली पाहिजे.

१) बेफाम इंजिन : डिझेल पंपाचा रॅक गंजून अडकला असेल तर इंजिन सुरू होताच वेग वाढत जातो आणि बंद होत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी एअर क्लीनरचा पाईप काढून हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी तयार ठेवावी. वेग वाढू लागताच फळीने हवा बंद करावी. हात लावू नये.

२) हँडल : हँडलने इंजिन फिरवताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, मूठ आवळू नये. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. उलटा झटका आल्यास मनगट मोडते.

३) पट्टे व पी.टी.ओ. : उघड्या पट्ट्यांना व फिरत्या शाफ्टला जाळी लावावी. धोतर, उपरणे, साडीचा पदर किंवा सैल बाह्या असताना जवळ जाऊ नये.

४) ओढण्याचे काम : साखळी किंवा दोर नेहमी ड्रॉबारलाच बांधावा. धुऱ्याला किंवा टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नये. फोर्डसनच्या काळात ट्रॅक्टर ज्या कारणाने उलटत, त्याच कारणाने ते आजही उलटतात.

५) ब्रेक व क्लचची धूळ : जुन्या ब्रेक व क्लच पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ही धूळ फुफ्फुसाला घातक आहे. ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

६) धूर : बंद खोलीत इंजिन चालवू नये. मुलांना दूर ठेवावे.

पन्नास-साठ वर्षांच्या ट्रॅक्टरला चालकाच्या संरक्षणासाठी चौकट नसते, ब्रेकही आजच्यासारखे नसतात. त्यामुळे भरलेली ट्रॉली ओढणे, उतारावरची नांगरट किंवा रस्त्यावरची रोजची वाहतूक यासाठी त्याचा उपयोग करू नये.

कागदपत्रांबाबत

ट्रॅक्टर ठरावीक वर्षांनी सक्तीने भंगारात काढावा लागतो, अशी अफवा अधूनमधून पसरते. शेतीचा ट्रॅक्टर हा बिगर-वाहतूक वाहन या प्रकारात मोडतो. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व नंतर तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे केवळ अफवेवर विसंबून ट्रॅक्टर विकू नये. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

घरात ५० वर्षांहून जुनी मोटारसायकल किंवा खासगी मोटार असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. हे नियम ट्रॅक्टरसाठी नाहीत, हे लक्षात ठेवावे.

यंत्र भंगारातच द्यायचे ठरले तर मोटार वाहन कायद्यानुसार १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. कागदोपत्री वाहन आपल्या नावावर राहिल्यास त्याच्या गैरवापराचा त्रास आपल्यालाच होतो.

जतन कसे करावे?

यंत्र नव्यासारखे चकचकीत करणे म्हणजे जतन नव्हे. सगळा मूळ रंग खरवडून भडक रंग दिला की त्याची ओळख पुसली जाते. जुन्या रंगाचे, कंपनीच्या अक्षरांचे जे अवशेष असतील ते राहू द्यावेत. गंजलेल्या भागावर तेलाचा हलका हात फिरवावा. बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा.

ट्रॅक्टर धुऱ्याखाली भक्कम ठोकळे देऊन ठेवल्यास टायरवर भार राहत नाही. शेड हवेशीर असावी व तिच्यात कडबा, गवत किंवा खत साठवू नये. झाकण्यासाठी प्लॅस्टिकऐवजी जाड सुती कापड वापरावे, म्हणजे आत दमट हवा कोंडत नाही. बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात. महिन्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. केवळ दोन मिनिटे चालवल्यास आतील ओल तशीच राहते.

शेवटचे आणि बिनखर्चाचे काम म्हणजे माहिती लिहून ठेवणे. यंत्र कोणत्या साली घेतले, किती रुपयांना घेतले, कर्ज कोठून काढले, पहिली नांगरट कोणत्या शेतात झाली, ते कोण चालवीत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. गावातील जुन्या मिस्त्रीलाही शेजारी बसवून त्याच्या हाताचे कसब पाहून घ्यावे. कानाने आवाज ऐकून बिघाड सांगणारी ही माणसे आता थोडी उरली आहेत. यंत्राचे सुटे भाग कदाचित कोठे तरी मिळतील, ही माहिती मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

थोडक्यात, भंगारवाल्याला हो म्हणण्यापूर्वी पाटी वाचा, क्रमांक लिहून घ्या, यंत्र पूर्ण आहे का ते पाहा आणि चार ठिकाणी विचारा. ठेवायचे ठरले तर सावकाश आणि सुरक्षितपणे काम करा. विकायचे ठरले तरी त्याची हकीकत वहीत उतरवून ठेवा.